पार्श्वभूमी : यकृतातली स्टेलेट पेशी

यकृतात चिवट तंतू साचत जाणं म्हणजे फायब्रोसिस. त्याची चर्चा आज स्टेलेट, म्हणजे ताऱ्यासारख्या, पेशीशिवाय पुरी होत नाही. मात्र या पेशीला ओळख मिळायला जवळपास शतक गेलं आणि त्या उशिराला बराचसा कारणीभूत होता तिचा शोध लावणाराच.

१८७६ मध्ये जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ कार्ल फॉन कुप्फर यकृतातले मज्जातंतू शोधत होते. गोल्ड क्लोराइडने रंगवलेल्या कापांत त्यांना दिसल्या फांद्या फुटलेल्या, ताऱ्यासारख्या काळ्या पेशी. त्या रक्तवाहिन्यांना बाहेरून लगटून असतात, हे त्यांचं तेव्हाचं मत बरोबर होतं. पण १८९८ मध्ये त्यांनी ते बदललं. रक्तात सोडलेले परके कण गिळणाऱ्या पेशी त्यांनी पाहिल्या आणि याच आपल्या ताऱ्यासारख्या पेशी, असं ठरवून टाकलं. दबदबा असा की कुणी फारसं उलटून विचारलं नाही. भक्षक पेशींना कुप्फरांचं नाव चिकटलं. त्यांनी खरोखर शोधलेली पेशी मागे पडली.

१९५१ मध्ये जपानच्या तोशिओ इतो यांनी मानवी यकृतात मेद साठवणाऱ्या पेशी नोंदवल्या. गुंता सुटला तो १९७१ मध्ये. केन्जिरो वाके यांनी कुप्फरांचीच जुनी पद्धत पुन्हा वापरली, जोडीला अतिनील प्रकाशात ‘अ’ जीवनसत्त्वाची झरकन विरणारी चमक तपासली. कुप्फरांची १८७६ची पेशी, इतोंची पेशी आणि ‘अ’ जीवनसत्त्व साठवणारी पेशी एकच निघाली. गंमत म्हणजे सोन्याचा रंग चढत होता तो या जीवनसत्त्वाच्या थेंबांवरच!

शरीरातलं बहुतेक ‘अ’ जीवनसत्त्व इथेच साठतं. मग ही भांडारी पेशी रोगात कशी ओढली गेली? १९८५ मध्ये अमेरिकेत स्कॉट फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या यकृतातून ती वेगळी काढली आणि कोलॅजन, म्हणजे ज्याचे हे तंतू बनतात ते प्रथिन, मुख्यतः तीच तयार करते, असं दाखवलं. दारू, हिपॅटायटिस बी किंवा सी, फॅटी लिव्हर, इजा कशानेही होवो, पेशी चेतते : आपला साठा गमावते, आकुंचन पावू लागते, कोलॅजन सोडत राहते. खरं तर हे जखम भरण्याचंच काम. इजा वर्षानुवर्षं थांबली नाही तर त्याचा सिरोसिस होतो, म्हणजे तंतूंनी यकृत कडक होऊन निकामी होऊ लागतं.

१९९८ मध्ये स्वादुपिंडातूनही अशा पेशी वेगळ्या काढल्या गेल्या. तिथल्या कर्करोगाच्या गाठीभोवतीचं दाट तंतुमय आवरण मुख्यतः त्याच विणतात. यकृताच्या बाबतीत २०१२ मधले उंदरांवरचे प्रयोग थोडा दिलासा देतात. इजा थांबल्यावर चेतलेल्या पेशींपैकी काही मरतात, काही पुन्हा शांत होतात. पूर्ववत मात्र होत नाहीत. पुढच्या इजेला त्या लवकर चेततात.