एअर पिस्तुलाचा जोर आणि कोकणातली दमट हवा : थोडी पार्श्वभूमी

कोकणात एअरगन बहुतेकांना माहीत असते ती दोन ठिकाणची. एक जत्रेतल्या फुग्यांच्या स्टॉलवरची, दुसरी आंब्या-काजूच्या बागेत माकडं हाकलायला ठेवलेली. दोन्हीकडे बंदुकीची पारख एकाच प्रश्नाने होते : जोर किती? त्यामुळे घरातलं पोर नेमबाजी शिकायला लागलं आणि सामन्याचं एअर पिस्तूल घ्यायची वेळ आली, की वडीलधारे पहिल्यांदा तेच विचारतात. उत्तर ऐकून बरेच जण चक्रावतात. किंमत लाखाच्या पुढे, आणि छर्र्‍याचा वेग सेकंदाला जेमतेम १४० ते १६० मीटर. बागेतली साधी ब्रेक-बॅरल, म्हणजे नळी वाकवून भरायची, एअर रायफल याहून जोरदार असते.

हे असं का, याचं उत्तर या हत्याराच्या इतिहासात आहे.

दाबलेली हवा बंदुकीत वापरायची कल्पना जुनी. १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्याकडे गिरार्दोनी नावाची हवेची रायफल होती. तिचा दस्ता म्हणजेच हवेची टाकी, आणि ती भरायला पंपाचे हजाराच्या वर दट्टे मारावे लागत. ती लढाईसाठी होती, तेव्हा तिथे जोरच हवा होता. पुढे स्प्रिंग आणि पिस्टनची हत्यारं आली, घराघरांत पोचली. १९२४ साली वेब्ली या ब्रिटिश कंपनीचं एअर पिस्तूल बाजारात आलं, तेही याच जातीचं.

स्प्रिंगच्या पिस्तुलाची अडचण अशी की चाप ओढला की जड पिस्टन आधी धावतो, मग आपटतो, आणि छर्रा नळीत असतानाच पिस्तूल हातात पुढेमागे हिसका देतं. स्प्रिंग जितकी कडक तितका हिसका मोठा. पिस्तूल एकाच हाताने, कशाचाही आधार न घेता धरायचं असतं, त्यामुळे हा हिसका सोसायला दुसरा हातही नाही. आपल्याकडे एअरगन ‘टाइट’ करून घ्यायची, म्हणजे कडक स्प्रिंग टाकून घ्यायची, हौस आहे. नेम मात्र त्याने सुधारत नाही, बहुतेक वेळा बिघडतो. जर्मन कारखान्यांना हे उमगलं होतं. १९६० च्या सुमारास डायनाने एकमेकांविरुद्ध धावणाऱ्या दोन पिस्टनांचं पिस्तूल काढलं. १९६५ मध्ये फाइनवेर्कबाऊचं ६५ हे मॉडेल आलं. त्यात नळी आणि सिलिंडर मिळून सगळा वरचा भाग रुळांवरून मागे सरकतो, मूठ जागची हलत नाही. जोर वाढवण्याऐवजी हिसका घालवण्यावर डोकं खर्च झालं, आणि माझ्या मते नेमबाजीच्या एअर पिस्तुलाचा खरा जन्म तिथेच झाला.

दशकाच्या अखेरीला वॉल्थर या दुसऱ्या जर्मन कंपनीने आणखी पुढची वाट धरली. एक तरफ एकदाच ओढायची, ठरावीक हवा दाबली जाते, चाप ओढला की सुटते. स्प्रिंग-पिस्टन नाही, म्हणून हिसका जवळपास नाही. शिवाय दर वेळी हवा तेवढीच. हा दुसरा गुण आज आपण गृहीत धरतो, पण सगळा प्रश्न त्याच्यापाशीच येऊन थांबतो. १९७० मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत १० मीटर एअर पिस्तूल आलं, १९८८ मध्ये सोलला ऑलिंपिकमध्येही, आणि स्पर्धा जशी चुरशीची झाली तसा ‘तेवढीच’ या शब्दाचा हिशेब मिलिमीटरवर आला.

तो हिशेब एकदा मांडून बघण्यासारखा आहे. छर्रा अर्ध्या ग्रॅमचा, व्यास ४.५ मिलिमीटर. सेकंदाला १४० मीटर वेगाने सुटला तर १० मीटर जाईपर्यंत तो गुरुत्वाकर्षणाने साधारण २५ मिलिमीटर खाली येतो. १५० मीटरने सुटला तर साधारण २२. म्हणजे वेगात १० मीटरचा फरक आणि लक्ष्यावर ३ मिलिमीटरचा. दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर, आणि तिथून पुढचं प्रत्येक वर्तुळ ८ मिलिमीटर अंतरावर. प्रत्येक छर्रा सारख्याच वेगाने जात असेल तर हे खाली येणं माशी-खाच, म्हणजे नेम धरायची साइट, एकदा सरकवून जुळवून टाकता येतं. पण एक १४० ने, पुढचा १५० ने जात असेल, तर हात कितीही स्थिर असला तरी दहाचा नऊ व्हायला ते तीन मिलिमीटर पुरतात.

मग वेग आणखी कमी का करत नाहीत? कारण छर्रा नळीत रेंगाळला तर तेवढ्या वेळात मनगट हलतं, आणि चाप ओढतानाची चूक त्याच्या वाट्याला जास्त येते. उलट वेग फार वाढवला तर हादरा वाढतो, हवाही जास्त जाते. १५० च्या आसपासचा आकडा या ओढाताणीतून ठरला आहे. ऊर्जेत मोजला तर तो साडेपाच जूलच्या आसपास येतो. आपल्या शस्त्र नियमांत एअर गनला परवान्याची गरज लागते ती २० जूलच्या वर, तिथपासून हे बरंच लांब आहे.

आता कोकणाकडे वळू, कारण पुढच्या टप्प्यात हवामान थेट मध्ये येतं. १९८० च्या दशकात कार्बन डायऑक्साइडवर चालणारी पिस्तुलं आली. भरायला सोपी, हिसका नाही. पण या वायूचा दाब तापमानावर नाचतो. २० अंशांना तो साधारण ५७ बार (बार हे दाब मोजायचं एकक) असतो, ३० अंशांना ७२ च्या आसपास. ३१ अंशांच्या वर तर सिलिंडरमध्ये द्रव उरतच नाही, आणि मग दाब किती हे सिलिंडर किती भरलंय त्यावर ठरतं. युरोपातल्या गरम केलेल्या हॉलमध्ये हे चालून जायचं. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली, रत्नागिरी काय किंवा पनवेल काय, पारा सहज ३३-३४ वर असतो. सकाळी जुळवलेलं पिस्तूल दुपारी वेगळ्या जागी मारणार. १९९० च्या दशकात जगभरच्या नेमबाजांनी हा वायू सोडून दाबलेली हवा धरली, त्यामागे हे तापमानाचं दुखणं मोठं कारण होतं.

आजच्या पिस्तुलात २०० बारपर्यंत भरलेलं छोटं सिलिंडर असतं. रेग्युलेटर तो दाब बराच खाली, एका ठरलेल्या पातळीवर आणून धरतो. मग हॅमर झडपेवर आपटतो आणि क्षणभर झडप उघडते. जोर कमीजास्त करायचा स्क्रू बहुतेक या हॅमरच्या स्प्रिंगवर असतो. स्क्रू आवळला की आघात वाढतो, झडप जास्त वेळ उघडी राहते, वेग वाढतो. हे काम क्रोनोग्राफ, म्हणजे छर्र्‍याचा वेग मोजणारं यंत्र, समोर ठेवूनच करायचं, कानाने किंवा अंदाजाने नाही. वेग किती आला याच्याइतकंच, सलग दहा छर्र्‍यांत तो किती पसरला हे बघावं लागतं. कधी स्क्रू थोडा सैल करून वेग पाच मीटरने उतरवला की पसारा आवळून येतो. रेग्युलेटर मात्र घरी खोलू नये, तिथे दाबाचा धोका खरा आहे.

आणि आपल्याकडे आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती म्हणजे हवेतलं पाणी. ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेच्या हवेत घनमीटरमागे सुमारे २४ ग्रॅम पाणी असतं. सिलिंडर १०० मिलिलिटरचं धरलं तर ते भरायला २० लिटर हवा लागते. म्हणजे एका भरणीत अर्धा ग्रॅम पाणी येतं, एका छर्र्‍याच्या वजनाइतकं. हातपंपाला पाणी शोषणारा फिल्टर नसेल तर त्यातलं बरंच सिलिंडरात जातं, तिथून रेग्युलेटरच्या वॉशरांपर्यंत, आणि दाब सरकायला लागतो. नेमबाज मग आपल्या चापाला, श्वासाला दोष देत बसतो. यावर जगभरचा जुना उपाय म्हणजे डायव्हिंगच्या सिलिंडरमधून हवा घेणे. ती हवा कॉम्प्रेसरमध्ये सुकवलेली असते, आणि दाबही तोच, साधारण २०० बार. तारकर्लीला स्कूबा शिकवणारी संस्था आहे, मालवणात डायव्हिंगचा धंदा वाढलाय. समुद्राखाली जायची आणि १० मीटरवर छर्रा मारायची हवा एकच असावी, हे मला फार भारी वाटतं.

छर्र्‍यांकडेही लक्ष हवं. उघड्या डबीतलं शिसं दमट हवेत पांढरं पडतं. ती भुकटी आली की वजन आणि नळीतली पकड बदलते, आणि स्क्रूने मिळवलेला सारखेपणा जातो. डबी घट्ट बंद करून सिलिका जेलची पुडी टाकून ठेवावी, पांढरे पडलेले छर्रे सरावालाही वापरू नयेत, आणि छर्रा हाताळला की हात धुवावेत.

पनवेलला ऑलिंपियन सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब उभा राहिला, तेव्हापासून कोकणातल्या मुलांना या खेळासाठी पुण्या-कोल्हापूरकडेच बघायची गरज राहिली नाही. दक्षिणेकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात अजून बरंच व्हायचं आहे. तिथे नवी रेंज उभारणाऱ्यांनी पिस्तुलांबरोबरच एक क्रोनोग्राफ आणि कोरडी हवा देणारी सोय पहिल्या खरेदीत धरावी, आणि जूनमध्ये पाऊस सुरू झाला की प्रत्येक पिस्तुलाचा वेग नव्याने मोजून वहीत लिहून ठेवावा.