बँकेच्या शाखेतली गायब झालेली मधली पिढी

साधारण 2012 च्या सुमारास सार्वजनिक क्षेत्रातील बँकेच्या शाखेत गेलेल्यांना एक दृश्य आठवत असेल: एका टेबलावर पन्नाशी ओलांडलेले, शेजारी पंचविशीतले, आणि चाळिशीच्या आगेमागे फारसे कोणीच नाही. या दोन पिढ्यांतल्या अंतराचे खापर स्वभावांवर किंवा 'हल्लीच्या मुलांवर' फोडले जाते, पण हा प्रश्न मुळात तसा नव्हताच. तो भरतीच्या धोरणाने घडवलेला होता.

19 जुलै 1969 रोजी 50 कोटींहून अधिक ठेवी असलेल्या 14 बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र त्यांपैकी एक. 1980 मध्ये आणखी सहा बँकांची भर पडली. खेडोपाडी शाखा उघडल्या आणि त्यांच्यासाठी तरुणांची मोठी भरती झाली. एकाच वयाची ही फौज पुढे जवळजवळ एकदमच निवृत्त होणार, हे तेव्हाच ठरून गेले होते.

या पिढीची शाळा म्हणजे लेजर, हाताने लिहायची खातेवही. दिवसभराची व्हाउचरे जुळवताना पाच रुपयांचा फरक निघाला तरी तो सापडेपर्यंत कोणी घरी जात नसे. संगणक आला तर नोकऱ्या जातील, या भीतीने संघटनांनी त्याला विरोध केला. बँक व्यवस्थापनांशी झालेल्या 1983 च्या करारात मर्यादित वापराला संमती मिळाली आणि 1993 च्या करारानंतर वाट अधिक मोकळी झाली. या विरोधाची आज थट्टा होते, पण ती भीती अगदीच निराधार नव्हती.

कारण 2000-01 मध्ये स्वेच्छानिवृत्ती योजना आली. 15 वर्षे सेवा किंवा 40 वर्षे वय झालेल्यांना ती खुली होती आणि सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले. त्याच सुमारास बँकिंग सेवा भरती मंडळेही बंद झाली, तर त्याआधीची काही वर्षे भरती आधीच मंदावलेली होती. जी माणसे पुढे मधल्या फळीत यायची, त्यांतली काही लवकर गेली आणि बरीचशी आलीच नाहीत.

2011 मध्ये आयबीपीएस या बँकांसाठी कर्मचारी निवडणाऱ्या संस्थेची सामायिक परीक्षा सुरू झाल्यावर तरुण अधिकारी मोठ्या संख्येने आले. थोड्याच वर्षांत त्यांच्यापैकी काही जण शाखाधिकारी झाले आणि वडिलांच्या वयाच्या लिपिकांचे 'साहेब' ठरले. कोअर बँकिंगच्या, म्हणजे सगळ्या शाखा जोडणाऱ्या संगणक प्रणालीच्या, पडद्यावर बोटे भराभर चालत ती नव्यांचीच. पण धनादेशावरची थरथरती सही खातेदाराचीच की दुसऱ्या कोणाची, हे ठरवायला तो धनादेश जुन्या हेड कॅशियरच्या टेबलाकडेच सरकवला जाई.