वॉशिंग्टन (आडनाव)

गावावरून पडलेले एक इंग्रजी आडनाव. मूळ गाव ईशान्य इंग्लंडमधल्या डरॅम परगण्यातले. आज ते संडरलंड शहराच्या हद्दीत येते. एका अँग्लो-सॅक्सन पुरुषाच्या माणसांची वस्ती, असा ग्रामनामाचा अर्थ सहसा लावतात. याच नावाचे गाव ससेक्समध्येही आहे, त्यामुळे प्रत्येक इंग्रज वॉशिंग्टनचे मूळ डरॅममध्येच असेल असे धरून चालता येत नाही.

डरॅमच्या बिशपने ११८३ मध्ये आपल्या जमिनींची पाहणी करवली. ‘बोल्डन बुक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या दप्तरात विल्यम द हर्टबर्न नावाच्या सरदाराची नोंद सापडते. हर्टबर्न गाव बिशपला परत करून त्याने बदल्यात वॉशिंग्टन गाव घेतले होते. अटी अशा, की वर्षाला ४ पौंड भरायचे आणि बिशपच्या मोठ्या शिकारीला ४ शिकारी कुत्रे घेऊन हजर व्हायचे. गावातले चर्च आणि त्याची जमीन मात्र व्यवहारातून वगळलेली. गाव बदलले तसे घराण्याचे नावही बदलले. आपल्याकडे बरीचशी ‘कर’ आडनावे गाव सोडून दुसरीकडे गेलेल्यांना चिकटली. इथे उलट, गावाचा ताबा मिळाला म्हणून नाव मिळाले.

डरॅममधली थोरली पाती चौदाव्या शतकाअखेरीस पुरुष वारसाविना खुंटली आणि जहागीर मुलीकडून दुसऱ्या घराण्यात गेली. धाकटी पाती तोवर वायव्य इंग्लंडमध्ये, लँकशरकडे सरकली होती. तिच्यातला लॉरेन्स वॉशिंग्टन लोकरीच्या व्यापारात गबर झाला, नॉर्दॅम्प्टनचा महापौर झाला आणि १५३९ मध्ये त्याने सल्ग्रेव्ह गावची जमीन विकत घेतली. आठव्या हेन्रीने मठ बरखास्त करून त्यांच्या जमिनी विकायला काढल्या होत्या, त्यांतलीच ही एक. याच्याच वंशातले पर्ले गावचे धर्मगुरू, तेही लॉरेन्सच, १६४३ मध्ये प्युरिटनांच्या, म्हणजे कडव्या सुधारणावादी प्रोटेस्टंटांच्या, रोषामुळे पदावरून गेले. दारूच्या गुत्त्यांत सारखे पडलेले असतात, असा आरोप होता. मात्र ते राजा आणि संसद यांच्यातल्या यादवी युद्धाचे दिवस होते आणि राजाच्या बाजूच्या पाद्र्यांवर असले आरोप सर्रास होत, हे विसरू नये. घराची स्थिती खालावली. त्यांचा मुलगा जॉन तंबाखूच्या व्यापारी जहाजावर नोकरीला लागला आणि १६५६-५७ च्या सुमारास व्हर्जिनियात पोहोचून तिथेच स्थायिक झाला. जॉर्ज वॉशिंग्टन हा या जॉनचा पणतू.

या वंशावळीबद्दल खुद्द जॉर्जला फारशी उत्सुकता नव्हती. लंडनचे राजचिन्ह-अधिकारी आयझॅक हर्ड यांनी विचारणा केली तेव्हा, या विषयाकडे आपण फार थोडे लक्ष दिले आहे, असे त्याने १७९२ मध्ये कळवले. पर्लेच्या धर्मगुरूंशी जॉनचे नाते हेन्री वॉटर्स या अमेरिकी संशोधकाने इंग्लंडमधली जुनी मृत्युपत्रे धुंडाळून १८८९ मध्ये जुळवले. तोपर्यंत चुकीच्या वंशावळी बिनदिक्कत चालत होत्या.

पांढऱ्या ढालीवर दोन आडवे लाल पट्टे आणि वर तीन लाल तारे, असे घराण्याचे चिन्ह. वॉशिंग्टन डी. सी. शहराने १९३८ मध्ये स्वीकारलेला ध्वज त्यावरूनच घेतलेला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रध्वजावरचे तारे आणि पट्टेही इथूनच आले, ही समजूत हौशी मंडळींना फार प्रिय असली तरी तिला समकालीन पुरावा नाही.

जॉर्जला स्वतःचे मूल नव्हते. आडनाव पसरले ते वेगळ्याच वाटेने. अमेरिकेच्या २००० सालच्या जनगणनेत वॉशिंग्टन आडनावाची सुमारे १ लाख ६३ हजार माणसे आढळली आणि त्यांतली ९० टक्के कृष्णवर्णीय होती. गुलामगिरी संपल्यावर अनेकांनी आडनाव स्वतः निवडले. त्यांतल्या काहींकडे ते मालकाच्या घराण्यातून आले असेल, पण सगळ्यांच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांचे उदाहरण बोलके आहे. गुलामीत जन्मलेला हा मुलगा शाळेत गेला तेव्हा त्याला फक्त ‘बुकर’ एवढेच नाव होते. हजेरीत बाकीची मुले दोन-दोन नावे सांगताहेत हे ऐकून, आपली पाळी येताच त्याने ‘बुकर वॉशिंग्टन’ असे सांगून टाकले. त्याच्या सावत्र वडिलांचे पहिले नाव वॉशिंग्टन होते.