कृष्णाकाठच्या मगरी आणि त्यांचे हल्ले

कृष्णा नदीच्या सांगली जिल्ह्यातील पट्ट्यात, भिलवडी-औदुंबरपासून कसबे डिग्रज, सांगली शहर आणि वारणा जिथे मिळते त्या हरिपूरच्या संगमापर्यंत, मगरींचा कायमचा वावर आहे. ही गोड्या पाण्यातील मगर (क्रॉकोडायलस पॅलुस्ट्रिस) कोकणात महाडच्या सावित्रीत व चिपळूणच्या वाशिष्ठीत, मुंबईच्या पवई तलावात, ताडोब्याच्या तलावात आणि गोव्यात मांडवी व झुआरी यांना जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यातही आढळते. खाऱ्या पाण्यातील मोठी मगर महाराष्ट्राच्या नद्यांत नाही. ती ओडिशातील भितरकणिका, सुंदरबन आणि अंदमानात राहते. ग्रामीण बोलीत मगरीलाच पुष्कळदा सुसर म्हणतात. लांब, निमुळत्या तोंडाची खरी सुसर मासे खाणारी असून ती कृष्णेत नाही. म्हणून कृष्णाकाठी ‘सुसर दिसली, ती काही करत नाही’ असे कोणी म्हणाले तर त्यावर विसंबू नये.

पूर्ण वाढलेला नर साधारण ३ ते ३.५ मीटर लांब असतो, क्वचित ४ मीटरच्या पुढे जातो. मादी २ ते २.५ मीटर. दोन मीटरहून लहान मगर माणसाला सहसा भक्ष्य मानत नाही, पण पाय पडला किंवा कोंडीत सापडली तर चावते. जबड्यात ६६ ते ६८ शंकूच्या आकाराचे दात असतात. ते पकडण्यासाठी आहेत, चघळण्यासाठी नाहीत. मगरीला घास तोडून चघळता येत नाही, त्यामुळे मोठे भक्ष्य ती पाण्यात ओढते, बुडवते आणि स्वतःभोवती गिरक्या घेत पिळून त्याचे तुकडे करते. हल्ल्यात दगावणारी माणसे बहुधा जखमेने नव्हे, बुडून दगावतात. बचावाचा सगळा विचार या एका गोष्टीवरून सुरू करावा लागतो.

धोका कुठे आणि केव्हा

धोका नदीच्या मध्यात कमी आणि काठाच्या उथळ पाण्यात जास्त असतो. मगर पाण्याखाली गुपचूप काठाकडे येते. डोळे, कान आणि नाकपुड्या डोक्याच्या वरच्या बाजूला असल्याने बाकी अंग बुडालेले ठेवूनही तिला दिसते, ऐकू येते आणि श्वास घेता येतो. जबड्यांच्या कातडीवर बारीक उंचवटे असतात; त्यांतून पाण्यातली हालचाल अंधारातही कळते. बादली बुडवल्याचा, कपडे आपटल्याचा, जनावर पाण्यात उतरल्याचा धक्का तिच्यापर्यंत पोचतो. शांत पडलेली मगर दहा-पंधरा मिनिटे सहज पाण्याखाली राहते, गरज पडल्यास तासाहून जास्त. पाच मिनिटे पाणी निरखले आणि काही दिसले नाही, याला त्यामुळे फारसा अर्थ नाही. शेवटची झेप एक-दोन मीटरची असते आणि माणसाला हालचाल करायला वेळ उरत नाही.

रोजच्या वेळी रोजच्याच जागी पाण्यात उतरणे सर्वांत घातक. मगर शिकते. सकाळी साडेसहाला एकाच उतारावर म्हशी येतात, संध्याकाळी एकाच दगडावर धुणे होते, हे तिला काही दिवसांत कळते. त्यात मासे साफ केलेले पाणी, कोंबड्यांची आतडी, मेलेली जनावरे नदीत टाकली जात असतील तर तो काठ तिच्यासाठी खाण्याची जागा बनतो. ज्या गावाने हा कचरा थांबवला नाही त्याने दुसरे कितीही उपाय केले तरी ते अर्धवटच राहतात.

कृष्णाकाठी शेतकऱ्यांचा सर्वांत दुर्लक्षित धोका मोटरीचा आहे. उसाला पाणी देण्यासाठी काठावर विद्युतपंप असतात. पाण्यात बुडालेल्या पाईपच्या तोंडाशी असलेल्या झडपेला, म्हणजे फूटव्हॉल्व्हला, शेवाळ, पालापाचोळा, प्लास्टिक अडकले की पाणी तुटते, आणि शेतकरी कमरेएवढ्या पाण्यात उतरून हाताने तो साफ करतो. शेतीची वीज पाळीपाळीने, अनेकदा रात्री मिळते. म्हणजे हे काम मगर सर्वाधिक सक्रिय असण्याच्या वेळी होते. उतरणारा माणूस एकटा असतो, वाकलेला असतो आणि त्याचे लक्ष पाईपकडे असते.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांनी नदीचे रूपही बदलले आहे. पावसाळ्यानंतर बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातले की बंधाऱ्यामागे उन्हाळाभर संथ, खोल पाणी साठते आणि मगरीला वर्षभर डोह मिळतो. दुसरीकडे वाळूउपशाने काठ खचतात आणि नदीला लागून मळीपर्यंत, म्हणजे काठच्या गाळाच्या जमिनीपर्यंत, ऊस गेल्याने अंडी घालायला लागणारे उघडे, उतरते, मऊ काठ कमी होतात. उरलेले थोडे काठ मग माणूस आणि मगर दोघांच्याही वापरात येतात.

वर्षाचे गणित असे असते. डिसेंबर ते फेब्रुवारी हा जोड्या जमण्याचा काळ. या दिवसांत नर हद्दीवरून आक्रमक होतात आणि थंडीमुळे मगरी दुपारी काठावर उन्हाला पडतात. दिसायला त्या वेळी सर्वांत सोप्या असतात, म्हणून मोबाईल घेऊन जवळ जाणाऱ्यांची संख्याही तेव्हाच वाढते. फेब्रुवारी-अखेर ते एप्रिल या काळात मादी काठात खड्डा करून साधारण २५ ते ३० अंडी घालते आणि जवळपास थांबून राखण करते. पिल्ले सुमारे दोन महिन्यांनी, मे-जूनमध्ये बाहेर पडतात. त्यांचा आवाज ऐकून आई घरटे उकरते आणि पिल्लांना तोंडात धरून पाण्यात नेते. याच महिन्यांत शाळांना सुट्टी, नदीत पोहणारी मुले आणि उन्हाने कमी झालेले पाणी एकत्र येतात. घरट्यापाशी गेलेल्या माणसावर मादी एकदा झडप घालते आणि सहसा सोडून देते. भक्ष्यासाठी केलेल्या हल्ल्यात मगर सोडत नाही.

पुरात परिस्थिती पूर्ण वेगळी होते. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. अशा वेळी जोराच्या प्रवाहातून सुटण्यासाठी मगरी ओढ्यात, उसात, गल्ल्यांत शिरतात. चिपळुणातही पावसाळ्यात त्या रस्त्यावर आलेल्या दिसल्या आहेत. पाणी ओसरताना त्या विहिरीत, शेततळ्यात, डबक्यात अडकून राहतात. पुरानंतर पहिल्या काही आठवड्यांत उसाच्या सरीत अनवाणी शिरू नये, गढूळ खड्ड्यात हात घालू नये आणि विहिरीत उतरण्यापूर्वी वरून दिवा टाकून पाहावे.

काठावर काम करताना

पाणी काढायचे असेल तर उंच जागेवरून दोरीला बादली बांधून काढावे. बसून, वाकून, तांब्याने भरणे हीच पकडीची स्थिती. वाकलेले शरीर मगरीला लहान दिसते आणि डोके व हात तिच्या जबड्याच्या पातळीवर येतात. पाण्याच्या कडेपासून किमान दोन-तीन मीटर मागे राहावे; झेप त्याहून लांब गेल्याची उदाहरणे कमी, पण काठ निसरडा असेल तर हे अंतर वाढवावे. धुणे पाण्यात उभे राहून करू नये. घाटाच्या वरच्या पायरीवर बादलीतून पाणी घेऊन करावे. दोघांनी मिळून जावे आणि एकाने काम न करता फक्त पाण्याकडे पाहावे. दुसरा माणूसही धुण्यात गुंतला तर तो सोबतीला असून नसल्यासारखाच. कुत्रा सोबत नेऊ नये. तो मगरीचे आवडते भक्ष्य आहे आणि त्याच्यामागे ती थेट माणसापर्यंत येते.

अंधारात जाणे भाग असेल तर टॉर्च डोळ्यांच्या पातळीवर, कपाळाजवळ धरून पाण्यावर सावकाश फिरवावा. मगरीच्या डोळ्यांत मागचा परावर्तक थर असल्याने ते निखाऱ्यासारखे तांबडे चमकतात. टॉर्च कमरेजवळ धरला तर परतणारा प्रकाश आपल्या डोळ्यांत येत नाही आणि चमक निसटते. चमक दिसली नाही म्हणजे मगर नाही, असेही नाही. ती पाण्याखाली असू शकते.

मोटरीसाठी खर्च थोडा आणि फायदा मोठा असलेला उपाय आहे. फूटव्हॉल्व्हभोवती रुंद जाळीची टोपली बसवून ती पिंपाच्या तरंगत्या चौकटीला बांधावी आणि काठावरच्या खांबावर कप्पी लावून दोरीने किंवा साखळीने टोपली बाहेर ओढता येईल अशी सोय करावी. मग ती काठावर आणूनच साफ करता येते. टोपली मोठी असेल तर पाणी अधिक पृष्ठभागातून शिरते, कचरा एका जागी घट्ट बसत नाही आणि साफ करण्याची वेळच कमी येते. लवचिक सक्शन पाईपची लांबी पाणी घटेल त्या हिशेबाने ठेवावी, नाहीतर ऐन मेमध्ये टोपली हवेत लटकते आणि माणसाला पुन्हा पाण्यात उतरावे लागते. पाईप ओढताना मोटर बंदच असावी.

जनावरांसाठी काठापासून दूर हौद बांधून पाणी पंपाने किंवा टाकीतून भरावे. म्हशींना पाण्यात बसायची सवय असते. ती मोडणे अवघड जाते, पण खोलगट हौद दिला तर त्या नदीकडे कमी जातात.

श्रीलंकेत नद्यांकाठी ‘किंबुला कोटुवा’ नावाचे पाण्यात रोवलेले सुरक्षित कुंपण वापरतात: जाड बांबू, लाकूड किंवा लोखंडी खांबांचा आडोसा, ज्याच्या आत लोक आंघोळ करतात. कृष्णेवर ही कल्पना तशीच उचलली तर ती फसेल. पुरात पाणी कित्येक मीटर चढते आणि वाहून येणारी झाडे कुंपण मोडतात. इथे ते काढता-घालता येईल असे हवे: बरगे घातल्यावर उभारायचे आणि पावसाआधी उचलायचे. खांबांमधली फट हाताच्या पंजाहून जास्त नसावी. सर्वांत महत्त्वाची तपासणी तळाची असते. प्रवाह खांबांखालची माती धुऊन नेतो, खाली जागा होते आणि मगर आत येते. मग लोक निर्धास्त झालेल्या जागीच ती अडकून पडते. म्हणून दर आठवड्याला काठीने तळ चाचपावा आणि पहिल्या दिवशी आत कोणी नाही याची खात्री करूनच ते लोकांना खुले करावे.

पकडले तर

काठावर दिसलेल्या मगरीपासून सरळ मागे, पाण्यापासून दूर जावे. नागमोडी धावण्याचा सल्ला निरर्थक आहे. जमिनीवर ती लांब पाठलाग करत नाही. पकड बसलीच तर ओढाताणीत सर्व शक्ती खर्च न करता तिला इजा करावी. हात, काठी, दगड, पावशी जे हाताला लागेल त्याने डोळ्यांवर आणि नाकपुड्यांवर घाव घालावेत. हात किंवा पाय जबड्यात खोल गेला असेल तर घशाच्या तोंडाशी असलेल्या मांसल पडद्यावर ढोसावे. हा पडदा पाण्याला घशात शिरू देत नाही. तो हलला की तिला पाणी गिळावे लागते आणि पकड सुटण्याची शक्यता वाढते. ती गिरकी घेऊ लागली तर तिच्या दिशेनेच अंग वळवावे, नाहीतर हाडे निखळतात. बघणाऱ्याने पाण्यात उडी मारू नये. लांब बांबू, दोरी, टायर किंवा बोटीचे वल्हे पुढे करून ओढावे आणि सुटलेल्या माणसाला काठावर न ठेवता लगेच वर न्यावे. मगर पुन्हा येते.

जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. हातापायातून रक्त थांबतच नसेल तर जखमेच्या वर साधारण पाच ते सात सेंटिमीटरवर रुंद पट्टी आवळावी, सांध्यावर नको, आणि आवळल्याची वेळ लिहून ठेवावी. बारीक दोरी कातडीत रुतते, रक्त मात्र थांबवत नाही. हळद, चहापूड, राख काहीही भरू नये. मगरीच्या तोंडातून आणि नदीच्या पाण्यातून एरोमोनाससारखे जंतू खोल शिरतात, त्यामुळे वरून लहान दिसणारा दाताचा व्रणही तीन दिवसांत सडू शकतो. रुग्णालयात जखम भरपूर पाण्याने धुणे, धनुर्वाताची लस, डॉक्टरांनी ठरवलेली प्रतिजैविके आणि तुटलेला दात किंवा हाड शोधण्यासाठी एक्स-रे हे होते. अशी जखम सुरुवातीला शिवून बंद करत नाहीत. रेबीज हा सस्तन प्राण्यांचा रोग असल्याने या चाव्यासाठी त्याची लस लागत नाही. पाण्याखाली ओढला गेलेला माणूस बाहेर येऊन ठीक बोलत असला तरी त्याला किमान काही तास देखरेखीखाली ठेवावे. फुफ्फुसात गेलेले पाणी नंतर त्रास देते.

मगरी हलवाव्यात का

प्रत्येक हल्ल्यानंतर गावाची पहिली मागणी ‘मगरी धरून न्या’ अशी असते आणि ती समजण्यासारखी आहे. ज्या घरातले मूल गेले त्याला सहजीवनाचा उपदेश करणे क्रूरपणाचे ठरेल. माणसावर वारंवार हल्ला करणारी ठराविक मगर ओळखून वनविभागाने धरणे योग्यच. पण पट्टाच मोकळा करण्याचा प्रयोग टिकत नाही. मोठा नर काढला की त्याची हद्द दुसरे नर वाटून घेतात आणि काही काळ मारामाऱ्या वाढतात. शिवाय मगर परत येते. ऑस्ट्रेलियात उपग्रहाने माग काढलेल्या खाऱ्या पाण्यातील मगरी हलवल्यावर मूळ जागी परतल्या; २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एकीने २० दिवसांत ४०० किलोमीटरहून जास्त किनारा कापला होता. आपल्या मगरीची जात वेगळी आहे, तरी हलवण्यावर विसंबण्याआधी हे ध्यानात घ्यावे लागते. नव्या जागी सोडलेली मगर तिथल्या लोकांना अनोळखी काठावर गाठते, तो धोका वेगळाच.

गोव्यात फोंडा तालुक्यातील दुर्भाट भागात पौष अमावास्येला मातीची मगर घडवून पुजण्याची ‘माणगे थापणी’ची प्रथा आहे. शेत आणि बांध ज्या पाण्याच्या कडेने आहेत त्या पाण्यातल्या प्राण्याची आठवण वर्षातून एकदा सगळ्या गावाला करून देणारी ही रीत आहे.

मगरीला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. केंद्राने १९७५ मध्ये मगर संवर्धन प्रकल्प सुरू केला, तेव्हा कातड्याच्या शिकारीने ती बहुतेक नद्यांतून संपत आली होती. त्यामुळे तिला मारणे, फास लावणे, अंडी उचलणे, स्वतः पकडून अन्यत्र सोडणे हे सर्व गुन्हे आहेत. धरण्याचे काम प्रशिक्षित पथकच करते: ओल्या गोणपाटाने डोळे झाकून, जबडा नाकपुड्या मोकळ्या ठेवून बांधून, सावलीत. जबडा मिटवणारे स्नायू प्रचंड ताकदीचे असतात, उघडणारे मात्र कमजोर, म्हणून साध्या दोरीनेही तो बांधून ठेवता येतो. शेपटी धरून ओढणारा बघ्या मात्र तिच्या तडाख्याने स्वतःचा पाय मोडून घेतो.

मगर दिसली, अडकली किंवा हल्ला झाला तर महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. हल्ल्यातील मृत्यू, अपंगत्व आणि पाळीव जनावरांच्या हानीसाठी राज्यात भरपाईची तरतूद आहे. त्यासाठी वनकर्मचाऱ्यांचा पंचनामा लागतो, म्हणून मेलेले जनावर हलवण्याआधी, जागेचे आणि खुणांचे फोटो घेऊन लगेच वर्दी द्यावी. माणसाच्या बाबतीत पोलीस ठाण्यातील नोंद, शवविच्छेदनाचा किंवा उपचाराचा अहवाल आणि वारसाची कागदपत्रे पहिल्या आठवड्यातच गोळा करावीत. जखमी माणूस सरकारी रुग्णालयात न जाता थेट खासगी दवाखान्यात गेला असेल तर जखम मगरीचीच असल्याचे डॉक्टरांकडून त्याच दिवशी लिहून घ्यावे. नंतर ते सिद्ध करणे फार कठीण जाते.