जुन्या ग्रंथांचं स्कॅनिंग: पैसा कुठून आणायचा, कुठे लावायचा
ग्रंथालयं, संस्था आणि घरगुती संग्रह सांभाळणाऱ्यांसाठी

"पानाला किती घेता?" फोनवर पहिला प्रश्न हाच असतो. दरपत्रक सोबत आहे. पण संस्थांची पंचाईत स्कॅनिंगच्या बिलापाशी होत नाही, ती दोन-तीन वर्षांनी होते. देणगी संपलेली असते, हार्ड डिस्क कपाटात पडलेली असते आणि ती चालते की नाही हे कुणी पाहिलेलं नसतं. म्हणून अंदाजपत्रकात सुरुवातीलाच दोन रकाने करा: एकदाचा खर्च आणि दरवर्षीचा खर्च.

एकदाचा खर्च

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा कागद आला. त्यातलं आम्ल आणि मुंबईची दमट हवा यांनी पानं पापडासारखी मोडतात. अशी पुस्तकं आम्ही काचेखाली दाबत नाही. व्ही आकाराच्या पाळण्यात अर्धवट उघडी ठेवून वरून कॅमेऱ्याने टिपतो. एक जण फक्त पानं उलटतो. सुटलेला कोपरा पान क्रमांक लिहिलेल्या पाकिटात जातो आणि पुस्तकासोबत परत येतो. कसर किंवा बुरशी असेल तर आधी सफाई. नाजूक पुस्तकाचा दर जास्त असतो तो यामुळे, आणि इथे घासाघीस नको.

शिळाप्रेसच्या, म्हणजे दगडावरून छापलेल्या पोथ्यांवर ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणारं सॉफ्टवेअर) फारसं चालत नाही. ते पैसे सूची नीट करण्यात घाला. आणि आधी एशियाटिक सोसायटीचं 'ग्रंथसंजीवनी' पोर्टल चाळा. तीच आवृत्ती तिथे असेल तर दुसरं पुस्तक निवडा.

दरवर्षीचा खर्च

ए४ आकाराचं एक रंगीत पान ४०० डीपीआयला (इंचाला ४०० ठिपके), न दाबलेल्या टिफ फाइलमध्ये, म्हणजे आकार कमी न केलेल्या चित्रात, साधारण ४६ एमबी होतं. ३०० पानांचं पुस्तक म्हणजे जवळपास १४ जीबी. त्याच्या तीन प्रती हव्यात, त्यातली एक मुंबईबाहेर. २००५ची २६ जुलै पाहिलेल्यांना कारण सांगायला नको. शिवाय वर्षातून एकदा चेकसम तपासणी (फाइल बिघडली तर नाही ना, हे पाहणारी) आणि ठरावीक काळाने नव्या डिस्का.

पैसा कुठून

सीएसआरसाठी, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायच्या खर्चातून पैसा मिळवण्यासाठी, ट्रस्टकडे १२ए (ट्रस्टला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी लागते आणि सीएसआर-१ हा सरकारी नोंदणी अर्ज भरावा लागतो. वारसा-जतन आणि सार्वजनिक ग्रंथालयं कंपनी कायद्याच्या यादीत आहेत, त्यामुळे विषय बसतो. मेख वेगळीच आहे. अनेक वर्षं चालणारा प्रकल्पही सुरुवातीचं वर्ष सोडून तीन वर्षांत आटपावा लागतो आणि २०२१पासून सीएसआरचा पैसा कायम निधीत टाकता येत नाही. म्हणजे कंपनीकडून स्कॅनिंग होईल, सांभाळ होणार नाही. तो सभासदांच्या आणि वाचकांच्या देणग्यांतून कायम निधी उभारून, त्याच्या व्याजावर करा. ८०जीची सवलत दोन हजारांवरच्या रोख देणगीला मिळत नाही, नव्या करप्रणाली​त तर मुळीच नाही. देणगीदाराला हे आधीच सांगितलेलं बरं.

हक्कांबद्दल थोडक्यात: लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. त्याआधीही, ना-नफा सार्वजनिक ग्रंथालय आपल्याकडच्या छापील प्रतीची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवू शकतं. ती सर्वांसाठी इंटरनेटवर टाकणं ही वेगळी गोष्ट.

अंदाज हवा असेल तर सगळं कपाट आणू नका. सगळ्यात वाईट अवस्थेतली चार पुस्तकं पुरतात. ती आडवी ठेवून, मऊ सुती कापडात गुंडाळून आणा. रबरबँड लावू नका. पावसाळ्यात आम्हीच येऊन पाहतो, त्याचे पैसे घेत नाही.