नफ्स

नफ्स (अरबी) : माणसाचे आतले स्वत्व, त्याचा ‘मी’. श्वास या अर्थाचा ‘नफस’ हा शब्द त्याच धातूचा. कुराणात तो पुष्कळदा नुसता ‘जीव’ या अर्थाने येतो : ‘प्रत्येक नफ्स मृत्यूची चव घेणार आहे’ (3:185, म्हणजे अध्याय 3, आयत 185). उर्दू-दखनी बोलण्यात मात्र नफ्स म्हणजे वासना, असाच अर्थ रूढ झाला. त्यामुळे तो मुळातच वाईट, असा समज होतो. तो बरोबर नाही. नफ्सला दुराचार आणि संयम या दोन्हींची जाण दिली आहे, त्याला शुद्ध करणारा तरला, असे कुराण सांगते (91:7–10). जन्मजात पापाची कल्पना इस्लाममध्ये नाही. मूल ‘फितरत’वर, म्हणजे निर्मळ मूळ प्रकृतीवर जन्मते.

नफ्सच्या तीन अवस्था मानतात. ‘अम्मारा’ वाईटाकडे ढकलतो (12:53, हे बोल पैगंबर यूसुफचे की त्याला मोह घालू पाहणाऱ्या, इजिप्तच्या ‘अजीज’ या अधिकाऱ्याच्या बायकोचे, यावर भाष्यकारांत मतभेद आहेत). ‘लव्वामा’ चुकीनंतर स्वतःला दोष देतो (75:2). ‘मुत्मइन्ना’ शांतावलेला असतो (89:27). हे तीन वेगळे आत्मे नव्हेत. एकाच माणसात एका दिवसात तिन्ही दिसू शकतात. पुढे सूफींनी या अवस्था सातपर्यंत वाढवल्या.

इमाम गझाली (1058–1111) यांच्या मते काम आणि क्रोध मुळासकट उपटायचे नसतात. बुद्धी हा शिकारी, काम त्याचा घोडा, क्रोध त्याचा कुत्रा. दोन्ही शिकवलेले हवेत, मेलेले नकोत. ‘इह्या’ या आपल्या ग्रंथाच्या 38व्या प्रकरणात ते नफ्सला व्यापारातला भागीदार मानतात. सकाळी त्याच्याशी अटी ठरवायच्या (मुशारता), दिवसभर नजर ठेवायची (मुराकबा), रात्री हिशेब घ्यायचा (मुहासबा). फर्ज (बंधनकारक उपासना) हे भांडवल, नफल (ऐच्छिक उपासना) हा नफा, पाप हा तोटा. तूट निघाली तर शिक्षा (मुआकबा), आणि तीही चुकीला साजेशी : संशयास्पद घास खाल्ला तर उपवास. आळस केला तर जास्तीची उपासना (मुजाहदा), आणि शेवटी कानउघाडणी (मुआतबा).

सगळ्यात फसवी चूक हिशेब जमू लागल्यावर होते. उपास-जागरणे वाढतात, तशी लोकांनी पाहावे ही इच्छा (रिया) आणि स्वतःविषयीचे कौतुक (उज्ब) शिरते. अम्मारा तेव्हा दारूच्या नव्हे, नमाजाच्या रूपात बोलतो. म्हणून तो ओळखू येत नाही.