मेल्टडाउन (न्यूरोडायव्हर्जंट, म्हणजे मेंदूची घडण वेगळी असलेल्या मुलांमधला)

आवाज, उजेड, गर्दी, ऐनवेळी बदललेला प्लॅन असं सगळं साचत साचत मुलाच्या सहन करण्यापलीकडे गेलं की त्याचा स्वतःवरचा ताबा सुटतो, त्याला मेल्टडाउन म्हणतात. ऑटिझम (संवाद, वागणं आणि संवेदना यांची घडण लहानपणापासून वेगळी असणं) असलेल्या मुलांमध्ये हे जास्त दिसतं, एडीएचडी (लक्ष टिकवणं, स्थिर बसणं अवघड जाणं) असलेल्यांमध्येही होतं, आणि बऱ्याच मुलांना दोन्ही असतं. मूल रडतं, किंचाळतं, वस्तू फेकतं, कधी स्वतःला मारून घेतं. काही मुलं उलट एकदम गप्प होतात, बोलणंच बंद होतं, त्याला शटडाउन म्हणतात आणि तो बऱ्याचदा कुणाच्या लक्षातही येत नाही.

बाहेरून बघणाऱ्याला हा हट्टच वाटतो. पण हट्टामागे काहीतरी हवं असतं आणि ते मिळालं की मूल शांत होतं. मेल्टडाउन मात्र हवी ती वस्तू हातात दिली तरी थांबत नाही, खोलीत कुणी नसलं तरी चालूच राहतो. म्हणून शिक्षा आणि चांगलं वागलं की स्टार देण्याचा तक्ता दोन्ही इथे कामाचे नाहीत, मूल हे ठरवून करतच नाहीये.

बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनरनी १९४३ मध्ये ऑटिझमवर जो पेपर लिहिला त्यात मोठ्या आवाजाला घाबरणारी मुलं आहेत, पण संवेदनांचा त्रास हा निदानाचा स्पष्ट निकष झाला तो २०१३ च्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तिकेमध्ये. वर्गात बघा ना, ट्यूबलाइटची गुणगुण, बाक सरकवल्याचा आवाज, कॉलरमागे टोचणारं लेबल, त्यात अचानक पीटीचा तास रद्द. यातलं एकेक किरकोळ वाटतं, मुलाच्या अंगावर मात्र ते सकाळपासून एकत्र येत असतं.

"शाळेत तर काहीच त्रास देत नाही" हे वाक्य खूप पालकांनी ऐकलंय, आणि त्यातून दोष आईच्या माथी येतो, हे फार वाईट आहे. पुष्कळ मुलं शाळेत दिवसभर स्वतःला दाबून ठेवतात, हात हलवावेसे वाटले तरी हलवत नाहीत, कळलं नाही तरी मान डोलावतात, याला मास्किंग म्हणतात, आणि घरी सुरक्षित वाटतं म्हणून दप्तर टाकल्या टाकल्या सगळं बाहेर पडतं. त्यामुळे घरचा मेल्टडाउन बऱ्याचदा शाळेतल्या दिवसाचा असतो आणि शिक्षकांनी तो ऐकून घ्यायला हवा.

चालू असताना बोलणं अगदी कमी करा, प्रश्न विचारू नका, बघ्यांना बाजूला करा, दिवे मंद करा, लागण्यासारख्या वस्तू उचला. इजा होणार असेल तरच धरा. ओसरल्यावर मूल पार थकलेलं असतं, बऱ्याचदा लाजलेलंही, तेव्हा लगेच सॉरी म्हणायला लावू नका, पाणी द्या, पडू द्या.

खरं काम आधीचं. दिवसाचं वेळापत्रक चित्रांत लावणं, बदल असेल तर आधी सांगणं, कानावर लावायला इअरमफ, बाकावर एक कार्ड की ते उलटं केलं की काही न विचारता बाहेर जाता येईल. हात फडफडवणं, डुलणं हे स्टिमिंग बंद पाडू नये, मूल त्यातूनच स्वतःला सावरत असतं. ताणात नीट बोलणाऱ्या मुलाचेही शब्द जातात, तेव्हा चित्रांची कार्डं जवळ असू द्या. आणि मेल्टडाउन अचानक वाढले तर दात, कान, पोट आधी डॉक्टरला दाखवा, दुखतंय हे सगळ्याच मुलांना सांगता येत नाही.